लाल केसांची मुलगी, खांबावरचा माणूस आणि पुलावरून टाकलेलं काहीतरी

गाण्यामागच्या गोष्टी विचारणारी पत्रं या वेळी बरीच आली. अमेरिकन कंट्री (तिथलं ग्रामीण वळणाचं संगीत) आणि इंग्रजी पॉपमधली गाजलेली सिंगल्स, म्हणजे सुटी प्रसिद्ध झालेली गाणी, कुणावर लिहिली, कशावरून सुचली, सांगितली जाते ती हकीकत खरी का, असा साधारण सूर होता. सारख्या आशयाची पत्रं एकत्र करून उत्तरं दिली आहेत.

प्रश्न : 'जोलीन' नावाची बाई खरोखर होती का? आणि याच गाण्याची एक संथ आवृत्ती ऐकली, त्यात पुरुष गातोय असं वाटतं. तो गायक कोण?

बाई होती, पण तिचं नाव जोलीन नव्हतं. गाणं लिहिणारी आणि गाणारी कंट्री गायिका डॉली पार्टन हिनं मुलाखतींत अनेकदा सांगितलं आहे, ते असं. लग्नानंतरच्या सुरुवातीच्या काळात नवरा कार्ल डीन याच्या बँकेत जरा जास्तच खेपा व्हायला लागल्या. तिथली लाल केसांची कारकून त्याच्याशी लाडिक बोलायची, आणि डॉलीच्या ते डोळ्यांवर आलं. नाव आलं दुसरीकडून. एका कार्यक्रमानंतर सही घ्यायला आठ-दहा वर्षांची मुलगी आली. लाल केस, हिरवे डोळे, नाव जोलीन. हे नाव विसरायला नको म्हणून डॉली ते मनातल्या मनात पुन्हा पुन्हा म्हणत राहिली. ध्रुवपदाची सुरुवात ऐका: नाव सलग चार वेळा येतं. म्हणजे लक्षात ठेवण्याची युक्तीच गाण्याचं तोंड होऊन बसली.

गाण्याचं बळ मात्र बँकेतल्या त्या प्रसंगात नाही. अशा वेळी एरवीच्या गाण्यातली बायको दुसरीला दम देते किंवा नवऱ्याला धारेवर धरते. इथं ती दुसरीच्या रूपाची मोकळेपणानं तारीफ करते आणि तिच्यापुढे पदर पसरते. नवरा गाण्यात जवळपास नाहीच. 1973 च्या अखेरीस हे सिंगल आलं आणि 1974 च्या सुरुवातीला बिलबोर्ड या संगीत नियतकालिकाच्या कंट्री यादीत पहिलं झालं.

संथ आवृत्तीत दुसरा कुणी गायक नाही, डॉलीच आहे. मिनिटाला 45 फेरे घेणारी तबकडी 33⅓ वर लावली की वेग 0.74 पट होतो आणि स्वर पाच अर्धस्वरांहून थोडा जास्त खाली उतरतो. मूळ गाणं काळी एकच्या पट्टीत आहे, ते खालच्या सप्तकातल्या काळी चारच्या आसपास जाऊन बसतं. 2 मिनिटं 41 सेकंदांचं गाणं साडेतीन मिनिटांच्या वर जातं. तरी ते विचित्र वाटत नाही, कारण गिटारची बोटं मुळातच इतकी चपळ आहेत की संथ केल्यावर ती साध्या चालीला येतात. आवाजातला कंपही हळू होऊन पुरुषी वाटतो. बहुतेक गाणी या प्रयोगात चिखलात रुतल्यासारखी होतात.

प्रश्न : 'आय विल ऑलवेज लव्ह यू' हे गाणं डॉलीनं नवऱ्यासाठी लिहिलं का? एल्व्हिस प्रेस्लीला तिनं ते गाऊ का दिलं नाही?

नवऱ्यासाठी नाही, आणि ते रूढ अर्थानं प्रेमगीतही नाही. तो राजीनामा आहे. 1967 पासून डॉली कंट्री गायक पोर्टर वॅगनर याच्या दूरचित्रवाणी कार्यक्रमात होती. तिला स्वतःची वाट धरायची होती आणि वॅगनर तिला सोडायला राजी नव्हता. रोजची वादावादी चालेना, तेव्हा तिनं गाणं लिहिलं आणि त्याच्या कचेरीत जाऊन त्याला गाऊन दाखवलं. तो रडला आणि त्यानं तिला जायला परवानगी दिली, असं ती सांगते. पण सगळं गोडीत मिटलं असं समजू नका. 1979 मध्ये वॅगनरनं तिच्यावर करारभंगाचा दावा लावला. तो पुढे तडजोडीनं संपला. लग्नात हे गाणं वाजवणाऱ्यांनी शब्द एकदा शांतपणे वाचावेत: ती व्यक्ती निघून चालली आहे.

आता एल्व्हिस. त्याला गाणं आवडलं होतं आणि ध्वनिमुद्रणाची तयारीही झाली होती. ऐन वेळी त्याचा व्यवस्थापक कर्नल टॉम पार्कर यानं अट घातली की प्रकाशनहक्काचा अर्धा वाटा आम्हाला हवा. डॉलीनं नकार दिला.

इथं एक बारकावा समजून घ्यायला हवा. अमेरिकेच्या कायद्यानं एखादं गाणं एकदा परवानगीनं बाजारात आलं की ते दुसरं कुणीही ध्वनिमुद्रित करू शकतं. ठरलेला दर भरला की झालं, मालक अडवू शकत नाही. पहिल्या ध्वनिमुद्रणाला मात्र परवानगी लागते. 1974 मध्ये तो दर प्रतीमागे 2 सेंट होता. 1909 च्या कायद्यापासून 1978 पर्यंत तो बदललाच नाही. म्हणजे डॉलीचं सिंगल आल्यानंतर कायद्यानं एल्व्हिसचा रस्ता मोकळा होता. अडलं ते पार्करच्या रिवाजावर: वाटा मिळाल्याशिवाय एल्व्हिस गाणार नाही. 2 सेंट लेखक आणि प्रकाशक यांच्यात साधारण निम्मे निम्मे व्हायचे, त्यातल्या प्रकाशकाच्या भागावर त्याचा डोळा होता. एका तबकडीवर ही रक्कम चिल्लर आहे. पण हा हक्क तबकडीपुरता नसतो. रेडिओ, चित्रपट, पुढच्या प्रत्येक गायकाची आवृत्ती, सगळ्यातून तो वाटा वर्षानुवर्षं येत राहतो.

आणि ती पुढची आवृत्ती आलीच. 1992 मध्ये 'द बॉडीगार्ड' चित्रपटासाठी आधी दुसरं एक जुनं गाणं ठरलं होतं, ते बारगळलं. मग डॉलीचं हे गाणं सुचवलं गेलं. व्हिटनी ह्यूस्टननं सुरुवात वाद्यांशिवाय गावी हा आग्रह चित्रपटाचा नायक केव्हिन कॉस्टनर याचा. निर्माता डेव्हिड फॉस्टर यानं गायिका लिंडा रॉन्स्टाटची 1975 ची आवृत्ती समोर ठेवली होती आणि त्यात शेवटचं कडवंच नव्हतं. डॉलीला फोनवर हे कळलं तेव्हा तिनं ते कडवं सांगितलं. शुभेच्छांचं ते कडवं नसतं तर गाणं फक्त निरोप देऊन थांबलं असतं. डॉलीनं स्वतः ते बोलल्यासारखं म्हटलंय, गायलेलं नाही. व्हिटनीच्या गाण्यात शेवटाकडे क्षणभर सगळं थांबतं, ड्रमचा एक ठोका पडतो आणि पट्टी पांढरी सहावरून पांढरी सातवर चढते. ही एका पूर्ण स्वराची उडी घरच्या मैफलीत भल्याभल्यांचा गळा पकडते. गायचंच असेल तर सुरुवात दीड-दोन स्वर खालून करा, म्हणजे उडीनंतर जागा उरते. अमेरिकेच्या हॉट 100 यादीत ही आवृत्ती 14 आठवडे पहिली होती.

प्रश्न : 'इन द एअर टुनाइट'मध्ये फिल कॉलिन्सनं डोळ्यांदेखत घडलेली बुडण्याची घटना सांगितली आहे असं ऐकलं. बघ्याची भूमिका घेणाऱ्या माणसाला त्यानं म्हणे कार्यक्रमात बोलावून त्याच्यावर प्रकाशझोत टाकला. खरं का?

खोटं. कॉलिन्सनं स्वतः हे अनेकदा नाकारलं आहे. 1980 च्या सुमारास त्याचा पहिला संसार मोडत होता. घरी एकटा बसून तो आठ ट्रॅकच्या यंत्रावर डेमो, म्हणजे गाण्यांची कच्ची ध्वनिमुद्रणं, करत होता आणि बरेचसे शब्द गाता गाता तोंडात आले ते तसेच राहिले. त्यात बुडणाऱ्याचा उल्लेख आहे, पण तो संतापाच्या भरातला आहे: तू बुडत असलास तरी मी हात देणार नाही. लोकांनी उपमेची बातमी केली.

या गाण्याची खरी गोष्ट स्टुडिओत घडली आणि ती दंतकथेपेक्षा कितीतरी रंजक आहे. तो ड्रमचा दणका आठवा, साधारण 3 मिनिटं 40 सेकंदांनी येणारा. तोवर फक्त यंत्राचा ठेका (रोलंड कंपनीचं सीआर-78), पसरलेले स्वर आणि आवाज. मग ढोल कोसळल्यासारखे येतात आणि प्रत्येक ठोक्याचा घुमारा मध्येच कापला जातो. लंडनच्या टाउनहाउस स्टुडिओत 1979 मध्ये गायक पीटर गॅब्रिएलच्या ध्वनिमुद्रणाच्या वेळी हे सापडलं. वादक पलीकडच्या खोलीतून काय बोलतात ते नियंत्रणकक्षात ऐकू यावं म्हणून खोलीत वर एक माइक टांगलेला असतो. दूरचं कुजबुजणंही कळावं म्हणून त्याच्यावर अतिशय कडक कॉम्प्रेसर लावलेला असतो, म्हणजे बारीक आवाज मोठा आणि मोठा आवाज दाबलेला. तो माइक चालू असताना कॉलिन्सनं ड्रम वाजवले आणि अजस्र आवाज आला. ध्वनिमुद्रक ह्यू पॅजम यानं त्यावर नॉइज गेट चढवलं. आवाज ठरावीक पातळीखाली गेला की हे यंत्र दार लावतं. घुमारा हळूहळू विरायच्या आत बंद.

घरी करून बघायचं असेल तर खोलीचा माइक ड्रमपासून दूर ठेवा आणि त्याच्याच ट्रॅकवर कॉम्प्रेसर सढळ हातानं लावा. त्यानंतर गेट. होल्ड (गेट उघडं राहण्याचा वेळ) 150 ते 300 मिलिसेकंद, रिलीज (बंद व्हायला लागणारा वेळ) अगदी कमी. हमखास चूक म्हणजे क्रम उलटा होणं. गेट आधी आणि कॉम्प्रेसर नंतर आला तर कापलेल्या शेपटीची खरखर पुन्हा वर येते. दुसरी चूक झांजेची. गेट उघडं असताना झांज वाजली की तिचा आवाजही चिरल्यासारखा तुटतो, म्हणून गॅब्रिएलनं झांजा वापरूच दिल्या नव्हत्या.

प्रश्न : मग अशा गोष्टी पडताळायच्या कशा?

तारखा मांडा. कागदावर तीन ओळी करा: गाणं लिहिल्याचा काळ, ध्वनिमुद्रणाची तारीख, प्रकाशनाची तारीख. चौथ्या ओळीत ज्या घटनेवर गाणं बेतलं म्हणतात तिची तारीख. घटना ध्वनिमुद्रणानंतरची निघाली तर पुढे शोधायचं कारणच उरत नाही. चूक होते ती प्रकाशनाची तारीख हीच लिहिण्याची समजल्यामुळे. दोन्हींत वर्षांचं अंतर असू शकतं.

नंतर लेखक बघा. तबकडीच्या गोल लेबलवर गाण्याच्या नावाखाली कंसात बारीक अक्षरांत असतात ती लेखकांची नावं. गायकाचं नाव वेगळं, मोठ्या अक्षरांत. कंट्रीमध्ये ही दोन नावं सहसा निरनिराळी असतात, आणि निम्म्या दंतकथा ती एक समजल्यामुळे जन्मतात. कंट्री गायक टिम मॅग्रॉचं 2004 चं 'लिव्ह लाइक यू वेअर डाइंग' घ्या. त्याचे वडील, बेसबॉलपटू टग मॅग्रॉ, त्याच वर्षी जानेवारीत कर्करोगानं गेले. म्हणून गाणं त्यांच्यावरच लिहिलं असं सर्रास सांगतात. ते लिहिलं टिम निकल्स आणि क्रेग वाइझमन यांनी. वडिलांचं दुःख गाण्यात आहे ते गळ्यातून आलेलं.

लेबल हाताशी नसेल तर अमेरिकेतल्या हक्कसंस्था ॲस्कॅप आणि बीएमआय यांची सामायिक नोंदवही, साँगव्ह्यू, सर्वांना मोफत बघता येते. फक्त गाण्याचं नाव टाकून थांबू नका. शीर्षकावर स्वामित्वहक्क नसतो, त्यामुळे एकाच नावाची डझनावारी गाणी निघतात. नावासोबत गायक किंवा लेखकही टाका.

पण लेबलवरचं नावही शेवटचा शब्द नाही. उमेदीच्या काळात विली नेल्सननं 'फॅमिली बायबल'चे हक्क 50 डॉलरला विकले. 1960 मध्ये ते गाणं क्लॉड ग्रेच्या आवाजात गाजलं, आणि लेबलवर विलीचा पत्ता नव्हता.

प्रश्न : पॅट्सी क्लाइननं 'क्रेझी' अपघातानंतर कुबड्या घेऊन गायलं, म्हणून त्यात एवढं दुःख आहे, हे बरोबर का?

अपघात खरा. जून 1961 मध्ये समोरून आलेल्या गाडीशी टक्कर होऊन ती काचेतून बाहेर फेकली गेली. ऑगस्टमध्ये नॅशव्हिलला निर्माता ओवेन ब्रॅडलीच्या स्टुडिओत ती कुबड्यांवर आली. पण त्या दिवशीचा तिचा आवाज तबकडीवर नाही. बरगड्या दुखत होत्या, खोल श्वास घेता येत नव्हता, वरचे स्वर पोचत नव्हते. नॅशव्हिलचं सत्र तीन तासांचं आणि तेवढ्यात चार गाणी उरकायची हा तिथला शिरस्ता. इथं एका गाण्यावर चार तास गेले आणि गाणं नाहीच झालं. ब्रॅडलीनं वाद्यांचे ट्रॅक ठेवून दिले. काही आठवड्यांनी, दुखणं कमी झाल्यावर, ती परत आली आणि त्या टेपवर एका दमात गाऊन गेली. म्हणजे आपण ऐकतो ती बरी झालेली पॅट्सी आहे. वादक पुन्हा बोलवावे लागले नाहीत आणि तिला एकटीला निवांत गाता आलं. फ्लॉइड क्रेमरचा पियानो तिच्याशी बोलल्यासारखा वाटतो, पण दोघं एका वेळी खोलीत वाजवत-गात नव्हते!

गाणं विली नेल्सनचं. त्याची गायची तऱ्हा ठेक्याच्या मागे रेंगाळणारी, म्हणून डेमो ऐकून पॅट्सीला ते आधी पटलं नव्हतं. तिनं तसं गायलं नाही, सरळ ठेक्यावर, स्वतःच्या ढंगानं गायलं. योग्य केलं.

प्रश्न : जॉनी कॅशच्या 'आय वॉक द लाइन'मध्ये गिटारमागे जी खरखर ऐकू येते ती कसली? आणि प्रत्येक कडव्याआधी तो गुणगुणतो का?

खरखर कागदाची. कॅशबरोबर तेव्हा दोनच वादक होते, एक गिटार आणि एक डबल बेस. ड्रमवाला नाही. स्नेअरचा (खरखरणाऱ्या छोट्या ड्रमचा) आवाज हवा म्हणून त्यानं गिटारच्या तारांत कागद अडकवला. जाड पुठ्ठा घेऊ नका, साधा लिहायचा कागद बोटभर रुंद घडी करून घ्या आणि एका तारेच्या वरून, पुढच्या तारेच्या खालून असा विणा. जागा फ्रेटबोर्ड (बोटं ठेवायची पट्टी) संपतो तिथली. ब्रिजजवळ, म्हणजे तारा पोटाला बांधलेल्या असतात तिकडे, सरकला तर तारा मुक्या होतात, फार वर गेला तर डाव्या हाताला अडतो. कॉर्डचा स्वर थोडा कळला पाहिजे, त्यावर कोरडा खर्रखर्र आवाज.

गुणगुणणं गरजेपोटी. गाण्यात पाच कडवी आहेत आणि दर कडव्याला पट्टी बदलते. वर वर जाऊन ती परत उतरते आणि शेवटचं कडवं पहिल्याच पट्टीत पण एक सप्तक खाली येतं. नवी पट्टी पकडण्यासाठी तो आधी स्वर धरून बघतो. चाल सुचली ती जर्मनीत, हवाई दलाच्या नोकरीत असताना. त्याच्या टेपरेकॉर्डरवर टेप उलटी लागली आणि उलट्या कॉर्ड कानात राहिल्या. शब्द नव्या लग्नाचे आहेत: गावोगाव हिंडताना बायकोला, व्हिव्हियनला, दिलेला शब्द. कॅशला गाणं संथ हवं होतं. तबकड्या काढणाऱ्या सन रेकॉर्ड्स कंपनीचा सॅम फिलिप्स म्हणाला, जलद घे. 1956 मध्ये बाहेर आलं ते जलद.

प्रश्न : 'फॉल्सम प्रिझन ब्लूज' लिहिलं तेव्हा कॅश तुरुंगात होता का? रीनोमध्ये खून करून तो कॅलिफोर्नियाच्या तुरुंगात कसा?

शिक्षा भोगायला तो कधीच तुरुंगात नव्हता. काही रात्री कोठडीत गेल्या तेवढ्याच. जर्मनीत असतानाच त्यानं फॉल्सम तुरुंगावरचा 1951 चा एक चित्रपट पाहिला होता. चाल आणि बऱ्याच ओळी गॉर्डन जेन्किन्सच्या 1953 मधल्या 'क्रेसंट सिटी ब्लूज'वरून उचललेल्या आहेत. तिथं एका गावात अडकून पडलेली बाई आगगाडीचा आवाज ऐकते, इथं कैदी. 1955 च्या तबकडीवर जेन्किन्सचं नाव नव्हतं. 1968 मध्ये तुरुंगातल्या कार्यक्रमाचा अल्बम तुफान खपला, मग प्रकरण निघालं आणि कॅशनं सुमारे 75,000 डॉलर देऊन ते मिटवलं. उचल उघड आहे आणि ती कबूल करायला हवी. पण सगळं गाणं ज्या ओळीसाठी लोक लक्षात ठेवतात, निव्वळ मरताना बघायला म्हणून माणूस मारल्याची, ती कॅशची.

रीनो नेव्हाडात आहे, फॉल्सम कॅलिफोर्नियात. तुमची शंका रास्त आहे, कायद्यानं ते जुळत नाही. दोन्ही नावं कानाला बरी लागली म्हणून आली. आणि 13 जानेवारी 1968 ला तुरुंगात ध्वनिमुद्रित झालेल्या त्या अल्बमवर या ओळीनंतर कैद्यांचा जो जल्लोष ऐकू येतो, तो नंतर स्टुडिओत जोडलेला आहे.

प्रश्न : 'रिंग ऑफ फायर' कुणी लिहिलं? दोन वेगवेगळ्या हकीकती वाचल्या.

नोंद गायिका जून कार्टर (पुढे कॅशची पत्नी) आणि गीतकार मर्ल किलगोर यांची आहे. जूनच्या सांगण्याप्रमाणे कॅशकडे ओढलं जाण्याची भीती हा विषय आणि काकांच्या जुन्या कवितांच्या पुस्तकातली अधोरेखित ओळ हे बीज. पहिल्यांदा गायलं तिची बहीण अनिता कार्टरनं, 1962 मध्ये. ते चाललं नाही. कॅशला स्वप्नात मेक्सिकन ट्रंपेट ऐकू आले आणि त्यानं 1963 मध्ये त्या ट्रंपेटसह गायलं. कंट्री यादीत 7 आठवडे पहिलं. कॅशची पहिली पत्नी व्हिव्हियन हिनं 2007 च्या आठवणींत मात्र दावा केला की गाणं कॅशचंच, जूनला पैशांची गरज होती म्हणून त्यानं श्रेय दिलं. आमचा कल नोंदीकडे आहे. अनिताची आवृत्ती आधीची असून त्यावर कॅशचं नाव नाही, आणि किलगोर अखेरपर्यंत जूनच्या बाजूनं बोलला.

प्रश्न : 'विचिटा लाइनमन'मध्ये शेवटी शब्द संपून नुसतं वाद्य वाजतं. असं का?

कारण शब्दच नव्हते. 1968 मध्ये गायक ग्लेन कॅम्बेलनं गीतकार जिमी वेबला फोन करून गावाच्या नावाचं आणखी एक गाणं मागितलं. वेबला ओक्लाहोमाच्या सपाट माळावरून गाडी हाकताना दिसलेलं दृश्य आठवलं: एकामागून एक टेलिफोनचे खांब, आणि एकाच खांबावर माणूस, कानाला फोन लावून. दुपारभरात त्यानं दोन कडवी केली आणि तिसरं व्हायचंय असा निरोप जोडून गाणं पाठवून दिलं. काही दिवसांनी चौकशी केली तर ध्वनिमुद्रण होऊन गेलेलं.

तिसऱ्या कडव्याच्या जागी कॅम्बेलनं सहा तारांच्या डॅनइलेक्ट्रो बेसवर चाल वाजवली. ते वाद्य त्यानं त्याच ध्वनिमुद्रणातल्या बेसवादक कॅरल के हिच्याकडून मागून घेतलं होतं. गिटारपेक्षा एक सप्तक खालचा तो जाड, थरथरता आवाज तारेतून येणाऱ्या माणसाच्या आवाजासारखा लागतो. निर्माता अल डी लोरी यानं व्हायोलिनांना उंच स्वरांवर तारांचं गुणगुणणं दिलं. वेबच्या घरच्या ऑर्गनचे टिपटिप स्वर शेवटाकडे येतात, दूरच्या संदेशांसारखे.

सगळ्यात कौतुकाची गोष्ट स्वररचनेत आहे. गाणं पांढरी चारमध्ये सुरू होतं, थोड्या वेळात पांढरी दोनकडे सरकतं आणि पुन्हा पांढरी चारला घरी असं कधीच येत नाही. साथ करताना शेवट पांढरी चारवर करण्याचा मोह होतो. करू नका. तो माणूस अजून खांबावरच आहे.

प्रश्न : लेखक गाणं गायकापर्यंत पोचवतो कसं?

डेमो करून, प्रकाशकामार्फत निर्मात्यांच्या दारात. निर्मात्याला आवडलं तर तो गाणं 'होल्ड'वर ठेवतो, म्हणजे तोवर दुसऱ्याला दाखवायचं नाही. यात महिने जातात आणि बऱ्याचदा शेवटी नकार येतो. डॉन श्लिट्झनं 'द गॅम्बलर' 1976 मध्ये लिहिलं तेव्हा तो रात्रपाळीला संगणक चालवायचा. दोन वर्षं गाणं फिरलं. बॉबी बेअरनं गायलं, जॉनी कॅशनंही गायलं. चाललं ते 1978 मध्ये केनी रॉजर्सनं गायलं तेव्हा, आणि ग्रॅमी दोघांनाही मिळालं, गायकाला आणि लेखकाला. लेखकांच्या तोंडून अशा हकीकती ऐकायच्या तर नॅशव्हिलचं ब्लूबर्ड कॅफे हे ठिकाण. 1985 पासून तिथं चार लेखक मधोमध गोल करून बसतात, एकेक गाणं गातात आणि ते कसं झालं ते सांगतात.

प्रश्न : 'ओल्ड टाउन रोड'चा ठेका 30 डॉलरला विकत घेतला होता का?

हो. गाण्याचा रॅपर लिल नास एक्स यानं तो नेदरलँड्सच्या यंगकिओ या तरुण निर्मात्याकडून इंटरनेटवर घेतला. त्यातला बँजोसारखा आवाज नाइन इंच नेल्स या बँडच्या 2008 च्या एका वाद्यरचनेतून कापलेला होता, आणि हे लिल नास एक्सला ठाऊक नव्हतं. गाणं गाजल्यावर परवानगी घ्यावी लागली आणि त्या बँडच्या दोघांची नावं लेखकांत आली. धडा सरळ आहे: स्वस्त ठेका घेताना त्यात कुणाचा तुकडा आहे हे आधी लेखी विचारा. 2019 मध्ये बिलबोर्डनं गाणं कंट्री यादीतून काढलं, पण हॉट 100 मध्ये ते 19 आठवडे पहिलं राहिलं.

प्रश्न : 'ओड टु बिली जो'मध्ये त्या दोघांनी टॅलाहाची पुलावरून काय टाकलं?

गाणं लिहिणारी आणि गाणारी बॉबी जेंट्री हिनं ते कधीच सांगितलं नाही. तिचं म्हणणं असं की गाणं त्या वस्तूवर नाही. जेवणाच्या टेबलाभोवती घरातली माणसं एका पोराच्या आत्महत्येची बातमी वाढता वाढता, शेतातली कामं बोलता बोलता चघळतात, आणि त्याच टेबलावर बसलेल्या मुलीचा घास अडकलाय हे कुणाला दिसत नाही. त्या बेपर्वाईवर गाणं आहे. फुलं, अंगठी, मूल असे तर्क 1967 पासून चालू आहेत. गाण्यात यांपैकी कशालाही आधार नाही.

ध्वनिमुद्रण आधी फक्त तिचा आवाज आणि गिटार असं झालं. वाद्यसंयोजक जिमी हॅस्केलनं नंतर त्यावर चार व्हायोलिनं आणि दोन चेलो चढवले. बेस वाजवणारा कुणी नव्हता, म्हणून एका चेलोवादकानं तारा बोटांनी छेडून ती जागा भरली. हे गाणं तबकडीच्या दुसऱ्या, कमी महत्त्वाच्या बाजूला टाकायचं ठरलं होतं. पहिल्या बाजूला 'मिसिसिपी डेल्टा' होतं. रेडिओवाल्यांनी तबकडी उलटली आणि हॉट 100 मध्ये ते 4 आठवडे पहिलं राहिलं.

जेंट्रीच्या हस्ताक्षरातलं एक जुनं पान मिसिसिपी विद्यापीठात जपलेलं आहे. त्यात सुरुवात वेगळी आहे: सॅली जेन नावाची मुलगी हल्ली गावात दिसत नाही, असं. पुढे ते कडवं गेलं आणि नावही गेलं. पूल 1972 मध्ये कोसळला.